पर्यावरणाच्या वादात मूल्यांचीही नोंद व्हावी: सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, सोलापूर, तसेच आपल्यासोबत पर्यावरणविषयक जनसुनावण्यांना बसणारे प्रदूषण नियंत्रण मंडळ, वन आणि जलसंपदा या खात्यांचे अधिकारी यांना

सादर नमस्कार.

आपल्या जिल्ह्याला पर्यावरणावरून होणारे वाद नवे नाहीत. माळढोक या दुर्मीळ पक्ष्याचे अभयारण्य, उजनी धरणाच्या पाण्याचे वाटप, चंद्रभागेचे प्रदूषण, ओढ्यात येणारे मळीमिश्रित पाणी, माळावरची वृक्षलागवड, असे विषय वर्षानुवर्षे बैठका, मोर्चे आणि निवेदने यांतून फिरत आहेत. या वादांत एक गोष्ट सारखी आढळते. आकडे मांडले जातात, आकड्यांना आकड्यांनी उत्तर दिले जाते, आणि तरीही माणसे ज्या मताने आली होती त्याच मताने घरी जातात. लोक अडाणी आहेत किंवा अधिकारी ऐकत नाहीत, एवढ्यावरून याचा उलगडा होत नाही. पुष्कळदा मतभेद माहितीबद्दल नसतोच. कशाला किती मोल द्यायचे, त्याची झळ कोणी सोसायची आणि हे ठरवायचे कोणी, याबद्दल तो असतो. आपल्या कार्यपद्धतीत या दुसऱ्या प्रकारच्या मतभेदाची नोंद करायला जागा नाही. ती जागा करावी, एवढ्या एका विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे. कोणत्याही एका सुनावणीबद्दल किंवा अधिकाऱ्याबद्दल तक्रार करण्याचा हेतू नाही.

जनसुनावणीचा आधार असलेली पर्यावरण प्रभाव मूल्यांकनाची अधिसूचना 14 सप्टेंबर 2006 ची आहे. तिच्यानुसार सुनावणीआधी किमान 30 दिवसांची सूचना द्यावी लागते, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हादंडाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जा नसलेला त्यांचा प्रतिनिधी असतो, उपस्थित प्रत्येकाला माहिती विचारण्याची संधी मिळते, आणि शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो. लोकांनी मांडलेले मुद्दे आणि त्यांवरील प्रकल्पधारकाचे म्हणणे यांचे विवरणपत्र जोडावे लागते. तरतुदी चांगल्या आहेत. अडचण त्या विवरणपत्रात आहे. गावातला म्हातारा उठून म्हणतो, "ही आमच्या देवाची जागा आहे, इथे आमची जत्रा भरते," आणि त्याच्यासमोरच्या रकान्यात उत्तर येते की प्रकल्पक्षेत्राच्या 33 टक्के भागावर हरित पट्टा विकसित केला जाईल. प्रश्न एका प्रकारचा आणि उत्तर दुसऱ्या प्रकारचे, अशी ही जोडी कागदावर पूर्ण दिसते, पण म्हाताऱ्याने जे विचारले त्याला कोणी हातही लावलेला नसतो.

माळढोकचे उदाहरण आपल्या जिल्ह्याचे आहे आणि त्यातून शिकण्यासारखे सर्वाधिक आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो.

1979 मध्ये सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर जिल्हा मिळून सुमारे 8496 चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून घोषित झाले. सोलापूर जिल्ह्याचे सगळे क्षेत्रफळ पंधरा हजार चौरस किलोमीटरच्या आत आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा आवाका कळतो. त्यातली बहुतांश जमीन खासगी होती. गावे, बाजारपेठा, विहिरी, ज्वारीची राने, सगळे त्या रेषेच्या आत आले. जमिनीची खरेदी-विक्री अडते, बिगरशेती परवानगी मिळत नाही, बँक कर्ज द्यायला कचरते, अशा तक्रारी तेव्हापासून दोन पिढ्या ऐकत आल्या आहेत. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि क्षेत्र सुमारे 1222 चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर पक्षीही उरले नाहीत आणि विश्वासही उरला नाही. देशभरात आता रानात दीडशेच्या आत माळढोक असल्याचे मानले जाते, त्यांतले बहुतेक जैसलमेरच्या परिसरात आहेत; आपल्या अभयारण्यातल्या नान्नजला एखादा दिसला तर त्याची बातमी होते.

या वादात कोणाची कशावर श्रद्धा होती आणि कोण कशाला मोल देत होते, हे वेगवेगळे करून पाहिले तर चित्र बदलते. पक्षी-अभ्यासकांच्या लेखी हा पक्षी नाहीसा होणे ही भरून न येणारी हानी होती. मादी साधारणपणे वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या माळावर, जमिनीवर. त्यामुळे घटलेली संख्या लवकर सावरत नाही. त्यांचे मूल्य असे की माणसाला उपयोग असो वा नसो, या जिवाला असण्याचा हक्क आहे. शेतकऱ्यांपैकी फार थोड्यांनी हे नाकारले. मी ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या अनेकांना माळढोकविषयी ममत्वच होते. करडईच्या आणि ज्वारीच्या रानात तो पूर्वी दिसे, हे ते आपणहून सांगत. त्यांचा आक्षेप न्यायाचा होता. पक्षी साऱ्या देशाचा असेल तर त्याचा भार एकट्या मोहोळच्या नाहीतर करमाळ्याच्या सातबाऱ्यावर का, असा तो प्रश्न. मेंढपाळांचे म्हणणे आणखी निराळे. त्यांना माळ चराईसाठी हवा, आणि त्याच माळावरच्या लांडग्याशी त्यांचे वैर असले तरी कळपातला एखादा जीव हा त्याचा वाटा, असे मानणारी जुनी माणसे त्यांच्यात अजून भेटतात. वन खात्याला कायद्याची रेषा सांभाळायची होती.

आता पाहावे की यातला कोणता मतभेद पक्ष्यांची गणना पुन्हा केल्याने मिटला असता. एकही नाही. अभ्यासक पक्षी कमी झाल्याचे पुरावे आणत राहिले आणि शेतकऱ्यांना त्यात "म्हणजे आता आणखी जमीन घेणार" एवढेच ऐकू येत राहिले. भार वाटून घेण्याचा प्रश्न पटलावर आलाच नाही. कोरडवाहू ज्वारी-करडई करणाऱ्याला त्या पिकासाठीच काही दरवर्षीचा मोबदला द्यावा का, उसाकडे आणि बागायतीकडे वळण्याची ओढ त्यामुळे थोडी तरी कमी होईल का, हे विचारायला हवे होते, कारण साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या या प्रदेशात कोरडवाहू शेती आणि माळढोक यांचे शतकानुशतके जमले होते. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 अभयारण्य स्थापताना लोकांच्या हक्कांची चौकशी जिल्हाधिकाऱ्यांवर सोपवतो. म्हणजे हक्क तपासण्याचे काम आपल्या खुर्चीकडे तेव्हाही होते. पण हक्कांच्या चौकशीत मालकी आणि वहिवाट तपासली जाते. न्यायाची भावना तपासण्याचा नमुना सरकारी छपाईत उपलब्ध नाही.

दोन्ही बाजू पर्यावरणाच्याच असतात तेव्हाही हे घडते, आणि त्याकडे आपले विशेष लक्ष वेधायचे आहे. माळरान हे महसुली दप्तरात बहुधा पडीक म्हणून लागलेले असते. पडीक म्हटले की तिथे झाडे लावणे पुण्याचे काम ठरते. राज्यात वृक्षलागवडीच्या कोटींच्या मोहिमा झाल्या, शाळांच्या मुलांनी, सेवाभावी संस्थांनी मनापासून खड्डे घेतले. गवताळ परिसंस्थेचे अभ्यासक मात्र सांगतात की काळवीट, लांडगा, खोकड, धाविक आणि माळढोक यांना मोकळा, दूरवर नजर जाईल असा माळ लागतो, आणि तिथे गिरिपुष्पाची दाटी केली की तो त्यांच्यासाठी संपतो. एकाच्या मनात हिरवेपणा म्हणजे झाड, दुसऱ्याच्या मनात प्रत्येक भूमीचे तिचे स्वतःचे रूप. दोघेही निसर्गावर प्रेम करतात. इथे काही भाग माहितीचा आहे, आणि तो माहितीने सुटू शकतो: गवताळ माळ ही ओसाड झालेली जंगले नसून स्वतंत्र परिसंस्था आहे, हे समजल्यावर वृक्षप्रेमींपैकी अनेकजण जागा बदलायला तयार होतात. मूल्याचा भाग उरतो तो उन्हाळ्यात सावली हवी असलेल्या गावकऱ्याचा, आणि तोही खरा आहे. त्याची सावली गावठाणात, शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला होऊ शकते. पण हे बोलणे सुरू व्हायला दोन प्रकारचे मतभेद आधी वेगळे करावे लागतात.

ते वेगळे कसे करावेत? मला एक साधा प्रश्न उपयोगी वाटतो आणि तो सुनावणीत विचारला जावा असे मी सुचवतो: "कोणती माहिती मिळाली तर आपले मत बदलेल?" कारखान्याला विरोध करणारा शेतकरी म्हणाला की विहिरीचे पाणी खराब होणार नाही याची खात्री झाली तर माझी हरकत नाही, तर तो वाद माहितीचा आहे. तिथे पाण्याचे नमुने, भूजलाची दिशा, तटस्थ प्रयोगशाळा यांवर वेळ आणि पैसा घालवावा. तो म्हणाला की काहीही सिद्ध करा, वाडवडिलांची जमीन मी सोडणार नाही, तर पाण्याचे शंभर नमुनेही त्याला उत्तर देत नाहीत, आणि त्याला अडाणी ठरवणे हा अन्याय होईल. हाच प्रश्न प्रकल्पधारकालाही विचारावा. कोणता परिणाम दिसला तर आपण प्रकल्पाची जागा बदलाल? "कोणताही नाही" असे उत्तर आले तर मूल्यमापनाचा अहवाल कशासाठी तयार झाला हे सगळ्यांसमोर येईल.

या प्रश्नाला तिसरेही एक उत्तर येते, आणि आपल्या जिल्ह्यात ते सर्वांत जास्त ऐकू येईल: "माहिती बदलू शकेल, पण ती तुम्ही आणलेली नको." हा अविश्वास आहे आणि त्याला माहितीचा किंवा मूल्याचा वाद समजून वागवले तर दोन्हीकडून फसगत होते. उजनीचे उदाहरण घ्यावे. धरणाचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला 63.66 टीएमसी मृतसाठा, हे आकडे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. उजनी मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या पातळीखाली गेली की जिल्ह्याचा जीव टांगणीला लागतो. 2021 मध्ये उजनीतून पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरसाठी 5 टीएमसी पाणी उचलण्याच्या निर्णयावरून जिल्हा पेटला. पुण्याकडून येणारे वाढीव सांडपाणी तेवढेच उचलणार, असे सांगितले गेले. आमच्या हक्काचे पाणी नेणार, असे इथे ऐकले गेले. निर्णय मागे घ्यावा लागला. त्या काळात अनेक जाणती माणसे टीएमसीचा हिशेब मांडत होती, पण हिशेब मांडणारा कोण, कोणत्या तालुक्याचा, हे आधी विचारले जाई. इथे गरज होती ती सर्वांना मान्य असलेल्या मोजणीची: आवक किती, उपसा किती, कोणत्या कालव्याला कधी पाळी, हे रोज उघड्यावर, एकाच ठिकाणी, दोन्ही जिल्ह्यांच्या प्रतिनिधींसमोर. तसे झाले असते तरी पुण्याने घाण करावी आणि सोलापूरने ती प्यावी का, शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला आणि मागच्या फुगवट्यावर मासेमारी करणाऱ्याला या पाण्यात कितवे स्थान, हे प्रश्न उरलेच असते. पण निदान ते प्रश्न म्हणून समोर आले असते.

चंद्रभागेच्या बाबतीत मतभेद याहून खोल आहे, आणि अधिकाऱ्यांकडून तिथे सर्वांत जास्त चुका होण्याची शक्यता मला वाटते. आषाढीला पंढरपूरच्या वाळवंटात लाखो लोक येतात. प्रयोगशाळा सांगते की पाणी आंघोळीला योग्य नाही. वारकरी म्हणतो की चंद्रभागा अपवित्र होऊच शकत नाही. ही दोन विधाने एकमेकांना छेदत नाहीत. एक पाण्यातल्या जिवाणूंबद्दल आहे, दुसरे नदीशी असलेल्या नात्याबद्दल. पाण्याच्या चाचणीने श्रद्धा खोटी ठरते, अशा सुरात कोणी बोलले की ऐकणाऱ्याचे कान मिटतात आणि चाचणीही वाया जाते. तीर्थाच्या नदीत मैला सोडणे हा अपराध आहे, हे मात्र वारकऱ्यांच्या फडाचा प्रत्येक प्रमुख, प्रत्येक फडकरी मान्य करील. ते मूल्य त्यांचे आधीपासूनच आहे. इथे सावधही राहायला हवे. लोकांच्या श्रद्धेचा वापर करून त्यांच्याकडून हवे ते वदवून घेणे आणि त्यांच्या श्रद्धेला विचारात भागीदार करणे, यांत मोठे अंतर आहे. राज्य सरकारने 2016 मध्ये नमामि चंद्रभागा या उपक्रमाची घोषणा केली. अशा उपक्रमात घाट किती बांधले याबरोबर वारकऱ्यांचे, कोळी समाजाचे आणि नदीकाठच्या शेतकऱ्यांचे नदीविषयीचे म्हणणे काय होते, हेही दप्तरी असायला हवे.

कोणी म्हणेल की हे सारे तज्ज्ञांवर सोपवावे, त्यांचे एकमत होते. पश्चिम घाटाचे उदाहरण याच्या उलट साक्ष देते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2011 मध्ये संपूर्ण घाट संवेदनशील मानून त्याची तीन स्तरांत विभागणी सुचवली आणि निर्णयात ग्रामसभांना मोठे स्थान दिले. कस्तुरीरंगन यांच्या समितीने 2013 मध्ये घाटाचा सुमारे 37 टक्के भाग संवेदनशील ठरवला. डोंगर तेच, दोन्हीकडे नामवंत शास्त्रज्ञ. फरक पडला तो वस्ती आणि शेती असलेल्या भूभागाकडे कसे पाहायचे, आणि अंतिम शब्द कोणाचा असावा, यावरच्या धारणांमुळे. माळढोकबाबत सर्वोच्च न्यायालयापुढेही हेच घडले. एप्रिल 2021 मध्ये न्यायालयाने राजस्थान आणि गुजरातमधील वीजवाहिन्या भूमिगत करण्याबाबत आदेश दिले, कारण या जड पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि तो तारांवर आदळून मरतो. मार्च 2024 मध्ये सौरऊर्जेची निकड आणि हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्क यांचा विचार करून तो आदेश बदलला गेला आणि तज्ज्ञ समिती नेमली गेली. पक्षी वाचवणे आणि हवामान सांभाळणे ही दोन्ही पर्यावरणाचीच मूल्ये आहेत. त्यांच्यात निवड करायची वेळ आली तेव्हा ती तारांच्या मोजमापातून आपोआप निघाली नाही, न्यायाधीशांना ती करावी लागली.

माझ्या सूचनेवर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की प्रत्येकाच्या मूल्यांना मान द्यायचा म्हटले तर सत्य-असत्य काही उरणार नाही. मला तसे मुळीच म्हणायचे नाही. ओढ्यात सोडलेले पाणी प्रक्रिया केलेले आहे की नाही, याला एकच खरे उत्तर असते आणि ते शोधलेच पाहिजे. मूल्यांची वेगळी नोंद केली तर उलट तथ्ये अधिक स्पष्ट राहतील, कारण "रोजगार हेच आमचे मूल्य" असे म्हणून कोणाला विषारी पाण्याच्या अहवालापासून पळ काढता येणार नाही. शिवाय काही मूल्ये आपण देश म्हणून आधीच स्वीकारली आहेत. 1996 च्या वेल्लोर नागरिक मंचाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सावधगिरीचे तत्त्व आणि प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग मानले. सावधगिरीचे तत्त्वही मुळात एक मूल्यच सांगते: चूक होणारच असेल तर ती कोणत्या बाजूने झालेली परवडेल? गेलेला पक्षी परत येत नाही, म्हणून चूक त्याच्या बाजूने व्हावी, हे मला मान्य आहे. पण कर्जात बुडून गाव सोडलेला शेतकरीही सहसा परत येत नाही, याचे भान ठेवून भरपाईची रक्कम आणि तिची वेळ ठरायला हवी.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. मूल्ये ऐकली, लिहिली आणि मग निर्णय जो व्हायचा तोच झाला, तर ही नोंद म्हणजे लोकांना शांत करण्याचे साधन ठरेल. ही भीती रास्त आहे. जैवविविधतेवरील आंतरशासकीय मंच आयपीबीईएस याने 2022 मध्ये निसर्गाच्या मूल्यमापनाविषयी अहवाल प्रसिद्ध केला. त्यात तपासलेल्या एक हजाराहून अधिक अभ्यासांपैकी जेमतेम 2 टक्के अभ्यासांत निष्कर्षांबाबत संबंधित लोकांशी विचारविनिमय झाल्याचे दिसले. म्हणजे लोकांच्या वतीने निसर्गाची किंमत ठरवून टाकण्याची सवय जगभरची आहे. म्हणून माझ्या मागण्या नोंदीपुरत्या ठेवून भागणार नाही. नोंदीला उत्तर देण्याचे बंधन त्यांत हवे.

जनसुनावणीच्या विवरणपत्रात प्रत्येक मुद्द्यापुढे तो माहितीविषयी आहे, मूल्याविषयी आहे की विश्वासाविषयी आहे, हे बोलणाऱ्यालाच विचारून लिहावे. ते सल्लागार कंपनीने ठरवू नये. मूल्याच्या मुद्द्याला तांत्रिक उपाययोजनेचे उत्तर ग्राह्य धरू नये. प्रकल्पधारकाने आणि प्रशासनाने ते मूल्य मान्य आहे का, मान्य असल्यास त्यासाठी काय सोडणार, आणि मान्य नसल्यास का नाही, हे पूर्ण वाक्यांत लिहावे. अविश्वासाचा मुद्दा असेल तिथे मोजणी कोण करणार हे दोन्ही बाजूंनी मिळून ठरवावे. यासाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचे विभाग आणि जिल्ह्यातील महाविद्यालये उपयोगी पडू शकतील. सुनावणी दुपारच्या उन्हात मंडपात एकदाच होते आणि तिथे बायका क्वचितच बोलतात, मेंढपाळ तर बहुधा रानात असतात. म्हणून सुनावणीपूर्वीच्या 30 दिवसांत तलाठी आणि ग्रामसेवकांमार्फत वाडीवस्तीवर जाऊन अशा लोकांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. यातल्या बहुतेक गोष्टींना कायद्यात बदल लागत नाही. अधिसूचना किमान काय करावे ते सांगते. त्याहून अधिक करायला ती आपल्याला मनाई करत नाही.

सुरुवात माळढोकच्या उरलेल्या 1222 चौरस किलोमीटरपासून करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्या हद्दीतील गावांत येत्या उन्हाळ्यापूर्वी, ज्वारीची काढणी उरकल्यावर, ग्रामसभांमध्ये केवळ दोन प्रश्न ठेवावेत: हा माळ कसा राहावा असे तुम्हाला वाटते, आणि तो तसा राहावा म्हणून कोणी किती सोसावे? मिळालेली उत्तरे वन खात्याच्या व्यवस्थापन आराखड्याला जोडावीत आणि प्रत्येक उत्तराबाबत खात्याने काय केले किंवा का केले नाही, हे पुढच्या वर्षी त्याच ग्रामसभेत वाचून दाखवावे. या कामी नागरिक म्हणून लेखनिकाची किंवा अन्य कोणतीही मदत लागल्यास माझ्यासारखे अनेकजण स्वखुशीने येतील.

आपला विश्वासू,
सोलापूर जिल्ह्यातील एक नागरिक